फोनवरच्या डॉक्टरांकडून काय मागून घ्यायचं

औषधांच्या दुकानात काउंटरवर मोबाइल पुढे सरकवून "डॉक्टरांनी हे पाठवलंय" असं सांगणारी माणसं आता रोज दिसतात. पडद्यावर बहुतेक वेळा एवढंच असतं: एका गोळीचं नाव, पुढे १-०-१, ५ दिवस. डॉक्टरांचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, सही नाही, रुग्णाचंही नाव नाही. दुकानदार ओळखीचा असतो, गोळी मिळते, ताप उतरतो आणि विषय संपतो. पण हा मेसेज म्हणजे प्रिस्क्रिप्शन नव्हे. औषध नियम, १९४५नुसार प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांची सही, तारीख, रुग्णाचं नाव-पत्ता आणि औषधाचं प्रमाण असावं लागतं. गोळी अंगावर उठली, तर डॉक्टरांनी तुम्हाला तपासलं होतं हे दाखवायला तुमच्याकडे काही नसतं. डॉक्टरांकडेही नसतं.

फोन, व्हिडिओ कॉल किंवा मेसेजवरून वैद्यकीय सल्ला देणं-घेणं, म्हणजे टेलिमेडिसिन, आपल्याकडे २५ मार्च २०२०पासून रीतसर नियमांत बसलेलं आहे. त्या नियमांनी डॉक्टरांना मोकळीक दिली आणि रुग्णाच्या पदरातही बरंच काही टाकलं. अडचण इतकीच, की रुग्णाच्या वाट्याचं मागितल्याशिवाय मिळत नाही. आणि मागायचं काय हेच माहीत नसल्यामुळे कुणी मागत नाही.

ही परवानगी आली कुठून

फोनवर औषध सांगणं हे आपल्याकडे टेलिफोनइतकंच जुनं आहे. कायदा मात्र त्याकडे संशयानेच बघत आला. सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये मार्टिन डिसूझा प्रकरणात डॉक्टरांना बजावलं होतं, की तातडीचा प्रसंग वगळता रुग्णाला न तपासता फोनवर औषध सांगण्याची सवय टाळावी. पुढे रत्नागिरीत प्रसूतीनंतर एका महिलेचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१८मध्ये एका डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. रुग्णालयात डॉक्टर नसताना फोनवरून औषधं सांगितली गेली होती, आणि निदानाशिवाय औषध देणं न्यायालयाने गंभीर निष्काळजीपणात मोजलं. त्यानंतर राज्यातल्या अनेक डॉक्टरांनी फोनवर तोंडच उघडेनासं केलं. त्यांना दोष देता येणार नाही, कारण काय चालतं आणि काय चालत नाही हे सांगणारा कागदच नव्हता.

तो कागद करोनाच्या टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आला. भारतीय वैद्यक परिषदेचा कारभार तेव्हा पाहणाऱ्या प्रशासक मंडळाने नीती आयोगाच्या साथीने 'टेलिमेडिसिन प्रॅक्टिस गाइडलाइन्स' जाहीर केल्या आणि मे २०२०मध्ये त्या डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या २००२च्या नियमावलीला परिशिष्ट म्हणून जोडल्या. ही जोडणी तांत्रिक वाटेल, पण सगळं वजन तिच्यात आहे. नुसती मार्गदर्शक तत्त्वं डॉक्टरांनी मोडली तर फार तर नाराजी व्यक्त करता येते. आचरणाचे नियम मोडले तर तो व्यावसायिक गैरवर्तनाचा मामला होतो आणि नोंदणीवर गदा येऊ शकते. पुढे वैद्यक परिषद जाऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. आयोगाने ऑगस्ट २०२३मध्ये नवी नियमावली काढली आणि तीन आठवड्यांच्या आत स्थगितही केली. त्यामुळे २००२ची नियमावली आणि तिचं हे परिशिष्ट यांवरच गाडी चालू आहे. आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी अशाच स्वतंत्र सूचना एप्रिल २०२०मध्ये निघाल्या. इथे पुढे जे आहे ते ॲलोपॅथीच्या डॉक्टरांविषयी.

पहिलं मिनिट ओळखीचं

कॉल लागला की आपण थेट दुखण्यावर येतो. त्याआधी दोन्ही बाजूंनी ओळख व्हायला हवी. डॉक्टरांनी तुमचं नाव, वय, पत्ता, फोन विचारणं ही चौकशी नसून त्यांचं कर्तव्य आहे. रुग्ण अल्पवयीन असेल तर सोबत प्रौढ माणूस असल्याशिवाय आणि त्याची ओळख पटवल्याशिवाय सल्ला देता येत नाही. बारावीतली मुलगी आईला न सांगता ॲपवरून त्वचेच्या डॉक्टरांना गाठते, तेव्हा डॉक्टरांनी "घरातल्या मोठ्यांना बोलाव" म्हणणं नियमाला धरूनच असतं.

तुमच्या बाजूने विचारायचा प्रश्न एकच: "आपला नोंदणी क्रमांक काय?" विचारताना जीभ अडखळते, हे खरं आहे. डॉक्टरांना असं विचारायची आपल्याकडे रीत नाही. पण टेलिमेडिसिन करणाऱ्या डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शन, पावती, संकेतस्थळ आणि रुग्णाला पाठवलेल्या मेसेजमध्ये हा क्रमांक दाखवलाच पाहिजे, असं नियम सांगतात. तेव्हा न विचारताही तो दिसायला हवा. दिसला की महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहा. नाव, पदवी आणि नोंदणीचं वर्ष समोर येतं. नवख्या ॲपवरून डॉक्टर निवडला असेल तर हे कॉलच्या आधीच उरकून घ्या. ॲप चालवणाऱ्या कंपनीने आपल्या यादीतला प्रत्येक डॉक्टर नोंदणीकृत आहे याची खात्री करायची असते आणि तक्रारीची सोयही ठेवायची असते. तरीही स्वतः एकदा पाहून घेणं बरं.

ॲपवर सल्ला देणारा माणूसच नसेल, म्हणजे यंत्रच प्रश्न विचारून औषध सुचवत असेल, तर तिथेच थांबा. कृत्रिम बुद्धिमत्तेने डॉक्टरांना मदत करावी, रुग्णाला परस्पर सल्ला किंवा औषध देऊ नये, असं हे नियम २०२०पासूनच स्पष्ट म्हणतात. चॅटबॉटला विचारून अँटिबायोटिक घेणाऱ्यांची सध्या जी लाट आली आहे तिच्यासाठी हे वाक्य घराघरांत चिकटवायला हवं.

सहा महिने आणि औषधांच्या याद्या

सर्वाधिक गैरसमज इथे होतात.

नियमांनी सल्ल्याचे दोन प्रकार केले आहेत, पहिला सल्ला आणि पाठपुरावा. त्याच डॉक्टरांनी, त्याच आजारासाठी, गेल्या सहा महिन्यांत तुम्हाला प्रत्यक्ष तपासलं असेल तरच फोनवरचा सल्ला पाठपुरावा ठरतो. डॉक्टर बदलले, आजार बदलला, किंवा सहा महिने उलटले, की तो पुन्हा पहिला सल्ला. पंधरा वर्षांचे फॅमिली डॉक्टर असले तरी हिशेब हाच. त्यामुळे रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी कॅलेंडरवर सहा महिन्यांची खूण करून ठेवावी आणि ती उलटण्याआधी एकदा दवाखान्याची पायरी चढावी. मग मधल्या काळात फोनवर काम भागतं.

हा फरक औषधांमुळे महत्त्वाचा ठरतो. फोनवर कोणतं औषध लिहिता येईल यासाठी नियमांत याद्या आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएस, खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या असली साधी औषधं 'ओ' यादीत येतात आणि ती कशाही माध्यमातून सांगता येतात. 'ए' यादीतली औषधं पहिल्या सल्ल्यातही लिहिता येतात, पण तो सल्ला व्हिडिओवर झालेला हवा. गजकर्णावरचं क्लोट्रिमॅझोलचं मलम, खरजेवरचं बेंझिल बेंझोएट, डोळे आल्यावरचे थेंब ही तिथली उदाहरणं. मेटफॉर्मिन किंवा एनालाप्रिलसारखी आधीपासून चालू असलेली औषधं पाठपुराव्यात पुन्हा लिहून द्यायची असतील तर तीही याच यादीत येतात. 'बी' यादी फक्त पाठपुराव्यासाठी आहे. मेटफॉर्मिन चालू आहे, तरी साखर हटत नाही, म्हणून डॉक्टर त्याला सिटाग्लिप्टिनची जोड देतात, ते या यादीतून.

आणि काही औषधं फोनवर मिळतच नाहीत. औषध नियमांच्या शेड्यूल एक्समधली आणि अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्याखाली येणारी. तीव्र वेदनाशामकं आणि झोपेच्या किंवा घबराटीवरच्या बऱ्याच गोळ्या त्यांत येतात. झोपेची गोळी फोनवर लिहून दिली नाही म्हणून डॉक्टरांवर चिडणारे रुग्ण नेहमी भेटतात. डॉक्टर अडवणूक करत नसतात. ती गोळी लिहिली तर गैरवर्तन त्यांच्या नावावर लागतं. उलट एखादं ॲप कुठलीही गोळी दोन मिनिटांत लिहून देत असेल, तर संशय तिथे घ्यायचा.

एक महत्त्वाचं: निदान, किमान तात्पुरतं तरी, केल्याशिवाय औषध लिहिणं हे फोनवरही गैरवर्तनच आहे. त्यामुळे डॉक्टर चार प्रश्न जास्त विचारत असतील, "व्हिडिओ लावा", "इथे येऊन जा" म्हणत असतील, तर तुमचं काम नीट चाललं आहे असं समजा.

कॉलच्या आधी घरात करायची तयारी

डॉक्टर विचारतात, "सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?" मग आजोबांचा स्टीलचा डबा कॅमेऱ्यासमोर उघडला जातो. आत पाकिटांचे कात्रीने कापलेले तुकडे. दुकानदाराने दहाच्या स्ट्रिपमधून सहा गोळ्या कापून दिल्या, त्यात नावाचा भाग दुकानातच राहिला. एका तुकड्यावर नुसतं "मिग्रॅ" उरलेलं असतं, दुसऱ्यावर मुदतीच्या तारखेची अर्धी ओळ. आजोबा सांगतात, "पांढरी सकाळी, गुलाबी रात्री." डॉक्टरांनी यातून काय ओळखायचं? कमी गोळ्या हव्या असतील तर खुशाल घ्या, पण दुकानदाराला नावाचा भाग ठेवून कापायला सांगा. घरी आल्यावर पूर्ण स्ट्रिपचा आणि जुन्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो काढून एका ठिकाणी ठेवा. कॉलच्या आधी तेच पाठवून द्या.

अंगावरचं पुरळ दाखवायचं असेल तर दिवसा, खिडकीजवळ, दिव्याचा पिवळा उजेड बंद करून. घरात रक्तदाबाचं किंवा साखरेचं यंत्र असेल तर आकडा वेळेसकट लिहून ठेवा. उपाशीपोटीचा की जेवणानंतरचा, तेही. ऐकायला कमी येणाऱ्या माणसासाठी कॉल स्पीकरवर घेताना शेजारचे कान टवकारलेले नाहीत ना, तेवढं पाहा.

छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, दम लागणं, बाळाने दूध सोडून मलूल पडणं, सर्पदंश यांसाठी मात्र व्हिडिओ कॉल लावत बसू नका. नियमही तेच म्हणतात: तातडीच्या वेळी डॉक्टरांनी फोनवर फक्त प्रथमोपचार आणि कुठे न्यायचं एवढंच सांगायचं. १०८ला फोन लावा, रुग्णवाहिका येईपर्यंत डॉक्टर लाइनवर असले तर बरं.

याची दुसरी बाजूही आहे. तुम्ही प्रत्यक्ष यायला तयार असताना किंवा तशी मागणी करत असताना डॉक्टरांनी टेलिमेडिसिनचाच आग्रह धरणं हे गैरवर्तनाच्या उदाहरणांत नावानिशी दिलेलं आहे. "मॅडम आता फक्त ऑनलाइनच बघतात" असं रिसेप्शनवरून उत्तर आलं, तर हा नियम सौम्य शब्दांत सांगायला हरकत नाही.

कागद, पावती, ७२ तास

सल्ला संपल्यावर दोन गोष्टी मोबाइलवर आल्या पाहिजेत. पहिली, सही असलेल्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो, स्कॅन किंवा ई-प्रिस्क्रिप्शन. दुसरी, पैशांची पावती. डॉक्टरांनी फोनवरच्या सल्ल्याला प्रत्यक्ष तपासणीइतकी फी घेणं नियमात बसतं, त्यावर वाद घालू नका. पण यूपीआयवर पैसे गेले आणि पावती आली नाही, तर मागा. नियम पावती द्यायला सांगतात.

पावतीचा आणखी एक उपयोग आहे. विमा नियामक प्राधिकरणाने जून २०२०मध्ये विमा कंपन्यांना सांगितलं, की पॉलिसीत डॉक्टरांच्या सल्ल्याचा खर्च मिळत असेल तर टेलिमेडिसिनच्या सल्ल्याचाही मिळायला हवा. पॉलिसीतल्या मर्यादा अर्थात लागू राहतात. ओपीडीचा खर्च मुळातच नसलेल्या पॉलिसीत यामुळे काही नवीन येत नाही. पॉलिसीच्या कागदात ओपीडीचा उल्लेख शोधा, सापडला तर पावत्या जपून ठेवा.

डॉक्टरांनी फोनवरच्या सल्ल्याची नोंद, तुम्ही पाठवलेले अहवाल आणि दिलेलं प्रिस्क्रिप्शन ठेवायचं असतं. २००२च्याच नियमावलीत, रुग्णाने मागितल्यावर त्याचे वैद्यकीय कागद ७२ तासांत द्यावेत, असं लिहिलेलं आहे. मागणी मेसेज किंवा ई-मेलवर करा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

मुलगा न्यू जर्सीत, आई सांगलीत

परदेशातल्या मराठी घरांतून हा प्रकार आता रोजचा झाला आहे. मुलगा तिकडून सांगलीच्या डॉक्टरांना कॉल लावतो, आईची लक्षणं सांगतो, औषध लिहून घेतो आणि आई कॉलवर नसतेच. आई शुद्धीवर आहे, बोलू शकते, तर तिला कॉलवर घ्या. ती स्वतः बोलली की संमतीचा प्रश्नच मिटतो, कारण रुग्णाने स्वतः सल्ला मागितला की संमती गृहीत धरली जाते. तिला बोलणं शक्य नसेल, तर मुलाला तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार आहे हे दाखवणारं काहीतरी हवं. आईच्या सहीची दोन ओळींची चिठ्ठी आणि नातं दाखवणारा एखादा ओळखपुरावा स्कॅन करून एकदाच डॉक्टरांकडे देऊन ठेवा.

उलट दिशेने मात्र हे नियम चालत नाहीत. मुलगा स्वतःच्या पाठदुखीसाठी न्यू जर्सीहून सांगलीच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊ लागला, तर भारताबाहेरच्या रुग्णाला दिलेला सल्ला या नियमांच्या कक्षेत येत नाही. तिथे तिकडचा कायदा बघावा लागतो, आणि तिकडच्या दुकानात इकडचं प्रिस्क्रिप्शन चालेल अशी आशा धरू नये.

देशाच्या आत राज्यांच्या सीमा आड येत नाहीत, आणि महाराष्ट्राला याचा मोठा उपयोग आहे. सिंधुदुर्गातले कितीतरी रुग्ण गोव्यात बांबोळीला जाऊन उपचार घेतात. तिथल्या डॉक्टरांनी एकदा तपासल्यावर पुढच्या सहा महिन्यांतला पाठपुरावा सावंतवाडीत किंवा दोडामार्गात घरी बसून होऊ शकतो. नोंदणी कोणत्या राज्याची आहे याने अडत नाही. बांबोळीहून निघतानाच "पुढचं दाखवणं व्हिडिओवर होईल का?" असं विचारून ठेवा. होणार असेल तर एसटीचा दिवस वाचतो.

सरकारी वाट

खासगी डॉक्टर परवडत नसतील किंवा जवळ नसतील, तर ई-संजीवनी आहे. केंद्राच्या आरोग्य खात्यासाठी सी-डॅकच्या मोहाली केंद्राने ती बनवली. आरोग्य केंद्रातून मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांशी जोडणारी सोय नोव्हेंबर २०१९मध्ये सुरू झाली, आणि घरून थेट ओपीडीची सोय एप्रिल २०२०मध्ये. फेब्रुवारी २०२३पर्यंत तिच्यावरून १० कोटी सल्ले झाले होते. पैसे लागत नाहीत.

घरून वापरायची तर मोबाइल नंबर टाकून टोकन घ्यायचं, जुने अहवाल चढवायचे, नंबर लागला की डॉक्टर समोर येतात आणि ई-प्रिस्क्रिप्शन मिळतं. वयस्कर माणसाला हे सोपं नाही. ज्यांना मोबाइल जमत नाही त्यांनी उपकेंद्रात, म्हणजे हल्ली ज्यावर आयुष्मान आरोग्य मंदिराची पाटी असते तिथे जावं. समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब आणि साखर मोजतात, कॉल लावतात, डॉक्टरांनी सांगितलेलं आपल्या भाषेत समजावतात आणि केंद्रात औषध असेल तर तिथेच देतात. माझ्या मते टेलिमेडिसिनचा हा सगळ्यात चांगला प्रकार आहे, कारण रुग्णाशेजारी हात लावून पाहणारं माणूस असतं. इथे कॉल आरोग्य कर्मचाऱ्याने लावलेला असतो, म्हणून तुमची संमती स्पष्टपणे विचारली गेली पाहिजे. आत आणखी चार माणसं उभी असतील आणि बाईमाणसाला काही खासगी सांगायचं असेल, तर "जरा बाकीच्यांना बाहेर थांबवा" म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

मनाच्या त्रासासाठी टेली-मानस ही वेगळी सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ने सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा हक्क मानला आहे, पण तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ मिळणं अजून दुर्मीळ आहे. तिथे हा नंबर कामाचा. घरात कुणी जगण्याला कंटाळल्याची भाषा करत असेल, तर पाहुणे गेल्यावर बोलू म्हणून थांबू नका.

बिनसलं तर

डॉक्टरांच्या वागणुकीची तक्रार त्यांची नोंदणी ज्या राज्याच्या वैद्यक परिषदेत आहे तिथे जाते. नोंदणी क्रमांक टिपून ठेवायचं कारण इथे उपयोगी पडतं. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत नुकसान झालं, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. जुन्या कायद्यात समोरचा पक्ष असेल किंवा तक्रारीचं कारण घडलं असेल तिथे जावं लागे. आता तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे ॲपचं कार्यालय बेंगळुरूत असलं तरी तुम्हाला तिकडे जावं लागत नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरून दाखल होते, मुदत दोन वर्षांची असते, आणि दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. सुरुवातीची विचारपूस १९१५ या हेल्पलाइनवर करता येते. सर्वांना मोफत असलेली ई-संजीवनीसारखी सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही. तिथली तक्रार आरोग्य खात्याकडेच करावी लागते.

माहिती फुटण्याची भीती रास्त आहे, आणि इथे कायदा अजून अर्ध्या वाटेवर आहे. आरोग्याच्या माहितीसाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा २०१८मध्ये निघाला, पण तो कायदा झाला नाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या मात्र मे २०२७पासून लागू होणार आहेत. आरोग्याच्या माहितीला त्यात वेगळं संवेदनशील स्थानही नाही. तोवर कुंपण आपलं आपणच घालायचं: ॲप मागेल ती प्रत्येक परवानगी देऊ नका, आणि सल्ल्याला गरज नसलेला आधारचा फोटो पाठवू नका.

कायद्यात जे अजून नाही

आपल्याकडे टेलिमेडिसिनसाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. आहे ते डॉक्टरांच्या आचारनियमांचं परिशिष्ट. ते डॉक्टरांना बांधतं. डॉक्टरांना कामाला लावणाऱ्या कंपनीला फार तर काळ्या यादीत टाकता येतं. एका डॉक्टरवर तासाला किती कॉल लादायचे, औषध आपल्याच दुकानातून घ्यायला रुग्णाला किती ढकलायचं, हे कंपनी ठरवते आणि जाब द्यावा लागतो डॉक्टरला. हा असमतोल मला सगळ्यात जास्त खटकतो. आमदार-खासदार मतं मागायला येतात तेव्हा रस्ता-पाण्याबरोबर हेही विचारायला हवं.

गावपातळीवरचं काम मात्र कायद्याची वाट न बघता करता येतं. उपकेंद्रात टॅब आहे पण नेटवर्क नाही, नेटवर्क आहे पण दुपारी वीज नाही, ही नेहमीची रड. उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीच्या बैठकीत हा विषय घ्या. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागातल्या, ग्रामपंचायतींना मिळणारा ५ टक्के अबंध निधी आरोग्यावर खर्च करता येतो. इन्व्हर्टर किंवा चांगल्या जोडणीसाठी ग्रामसभेने तसा ठराव करावा. ठरावात "आरोग्य सुविधा सुधाराव्यात" असं मोघम लिहू नका. ई-संजीवनी कोणत्या दिवशी, किती ते किती चालेल, त्या वेळात कोण हजर असेल आणि वीज गेल्यास पर्याय काय, हे नेमकं लिहा. वेळापत्रक केंद्राच्या दारावर लावायची मागणी करा. ठरावाची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्या.